फेस्टसची नागीण

रविवार, १ ऑक्टोबर

चर्चमधून आल्यापासून फेस्टस कपाळ चोळतोय. डाव्या भुवईच्या वर आग आग होतेय म्हणतो, पण दिसत काहीच नाही. मी म्हटलं, टोपी घट्ट झाली असेल. "टोपी तेवढीच आहे, आतली अक्कल वाढलीय, मावत नाही," म्हणाला. पण केसांतून कंगवा फिरवताना कळवळला. दोन गोळ्या दिल्या, झोपला.

परवापासून दूध सुटलेल्या वासरांचे मोठे बाजार सुरू होतात. दर मंगळवारी सकाळपासून दिवे लागेपर्यंत लिलाव, आणि बोली पुकारणार फेस्टस. ह्या दिवसांत तो आजारी पडत नाही. इतक्या वर्षांत कधी पडलेला नाही.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

भुवईच्या वर पाण्याचे फोड आलेत, घोसच्या घोस. मी म्हटलं, आज नको जाऊस. टोपी खाली ओढली आणि गेला. संध्याकाळी शेजारचा मॅलकी त्याला सोडायला आला, तो चहाला थांबला. मॅलकी बाजारात रिंगणाचं फाटक सांभाळतो.

"काय अट्रॅक्टा, तवा फेकून मारलास का गं नवऱ्याला?"

"तव्याची किंमत जास्त आहे," मी म्हटलं.

फेस्टस हसला नाही. दिवा डोळ्यांत जातो म्हणून त्याने तो मालवायला लावला आणि आम्ही तिघं चुलीच्या उजेडात बसलो.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

गिल्हूलीबाईंकडे जाऊन आलो. नागिणीवर त्यांच्या हाताला गुण आहे, त्यांच्या वडिलांकडून आलेला. आजूबाजूच्या तिन्ही गावांतली माणसं जातात. आमच्या डॉक्टरणीची आईसुद्धा गेली होती म्हणे. बाईंनी फेस्टसला खिडकीपाशी नेलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"नागीणच आहे. पण फेस्टस, ही डोळ्याकडे चाललीय. डोळ्याजवळच्या नागिणीला मी हात लावत नाही. माझ्या बाबांनीही कधी लावला नाही. तू डॉक्टरकडे जा."

"मंगळवारचा बाजार झाला की जातो."

"नागीण थांबणार आहे का तुझ्या मंगळवारसाठी?"

तरी त्यांनी प्रार्थना म्हटली, आणि कपाळाला लावायला थोडं मलम दिलं. पैसे घेत नाहीत, म्हणून मी अंडी ठेवून आले.

गाडीत फेस्टस म्हणाला, "कमरेला विळखा पडून तोंडाला शेपूट मिळालं, तरच माणूस मरतो. माझं डोकं केवढं आहे बघ. एवढी लांब नागीण अख्ख्या मेयो परगण्यात मिळायची नाही."

मला हसू आलं.

शनिवार, ७ ऑक्टोबर

डोळा सुजून बंद झालाय. दवाखाना सोमवारपर्यंत बंद. सुट्टीच्या दिवशी बघणाऱ्या डॉक्टरांच्या नंबरवर फोन केला तर म्हणाले, घेऊन या. ते तासाभराच्या अंतरावर बसतात. फेस्टस म्हणाला, इतका वेळ गाडीत बसवणार नाही, डोकं फुटेल. मी आग्रह केला, त्याने भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी कुत्र्याला "शेप, शेप" म्हणून हाका मारत होता. शेप जाऊन किती वर्षं झाली! आताचा टॉबी बिचारा शेपूट हलवत उभा. मी म्हटलं, म्हातारा झालास रे.

सोमवार, ९ ऑक्टोबर

आमच्या डॉक्टर क्लिओनांनी बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "ह्याच्या आधी का नाही आलात?" दिवसातून पाच वेळा घ्यायच्या मोठ्या गोळ्या दिल्या. डोळ्याच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली, बुधवारी फोन येईल म्हणाल्या. "ताप वाढला, गुंगी आली, काही विचित्र बोलायला लागले, तर माझी वाट बघायची नाही. सरळ इस्पितळ."

घरी येताना फेस्टसने तीनदा विचारलं, आपण कुठे गेलो होतो. झोप नाही ना दोन रात्री. शिवाय त्या गोळ्या जबर आहेत, घोड्याला द्याव्यात एवढ्या.

मंगळवार, १० ऑक्टोबर

मी आज संतापलेय, आणि तो शेजारच्या खोलीत घोरतोय.

सकाळी दारात आडवी उभी राहिले. "जाऊ नकोस."

"हो बाजूला, अट्रॅक्टा."

"एक डोळा बंद आहे तुझा."

"वासरं दोन डोळ्यांनी बघतात मला. तेवढे पुरेत."

दुपारी मॅलकीचा फोन, येऊन घेऊन जा. गेले तर फेस्टस बाजाराच्या कचेरीत खुर्चीवर बसलेला, हातात हातोडी तशीच. मॅलकीने बाहेर नेऊन सांगितलं. सकाळी ठीक चाललं होतं. मग एक लाल वासरू विकलं, हातोडी मारली, आणि फेस्टस त्याच वासरावर पुन्हा बोली मागायला लागला. लोकांना वाटलं, थट्टा करतोय. एकाने थट्टेत बोली दिलीसुद्धा. मग तो आकडेच चुकवायला लागला, पुढून मागे, मागून पुढे. मग गप्प. माईक चालू, रिंगणात वासरू फिरतंय, सगळा बाजार वर त्याच्याकडे बघतोय, आणि हा गप्प.

"घेतली होती का रे त्याने?" मी विचारलं.

मॅलकीने स्वतःच्या बुटांकडे बघितलं. "मी काही बघितलं नाही. पण लोक म्हणतात तसं."

गाडीत मी त्याला सोडलं नाही. अख्ख्या गावासमोर! गोळ्यांवर दारू! तो म्हणाला, "ते वासरू ओलं होतं." दुसरं काही नाही. त्याच्या तोंडाला वास नव्हता, हे मी इथे लिहून ठेवते, पण व्हिस्कीचा वास लपवायचे मार्ग पुरुषांना ठाऊक असतात.

बुधवार, ११ ऑक्टोबर

अबोला धरलाय. लग्नापासून माझं एवढंच शस्त्र, आणि त्याच्यावर चालतंही: दिवस मावळायच्या आत येऊन तो काहीतरी आचरट बोलतो आणि मला हसवतो.

आज आला नाही. पडदे ओढून बसून राहिला. बटाटे तसेच ठेवले. डोळ्याच्या डॉक्टरांचा फोन आला, पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली. त्याला सांगायला गेले तर म्हणाला, "आई दूध काढून आली का?"

त्याची आई कधीची गेलेली. उत्तर दिलं नाही मी. म्हटलं, असले खेळ खेळून मला बोलतं करायचंय ह्याला.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

काल लिहिता आलं नाही. इस्पितळाच्या बोळात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेय. फेस्टस समोर स्ट्रेचरवर. वॉर्डात जागा नाही. बोळाच्या दोन्ही बाजूंनी अशीच माणसं लावलेली आहेत.

काल सकाळी तो अंगणात सापडला, पायजम्यावर, पायांत माझे बूट, अंग तापलेलं. कुंपणाशी उभा राहून कुणाशी तरी बोलत होता. मी हात धरला तर त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेने माझा राग कुठल्या कुठे गेला. मग त्याचा जबडा आवळला, हातपाय झटकायला लागले, आणि तो चिखलात पडला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडले. मॅलकी शेतातून धावत आला. अँब्युलन्स येईपर्यंत आम्हां दोघांना काहीही करता आलं नाही. मॅलकी त्याच्या तोंडातला चिखल बोटाने पुसत होता आणि "अरे फेस्टस, अरे फेस्टस" एवढंच म्हणत होता.

पाठीच्या मणक्यातून पाणी काढलंय. डोक्याचे फोटो काढलेत. एका तरुण डॉक्टरणीने मला विचारलं, काही दिवसांपासून बदल जाणवला होता का? मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो. मग कुत्र्याचं सांगितलं, वासराचं सांगितलं, आईचं सांगितलं. ती पोरगी लिहून घेत होती. बुधवारी दिवसभर मी त्याच्याशी बोलले नव्हते, हे तिने विचारलं नाही.

रविवार, १५ ऑक्टोबर

मेंदूला सूज आहे. नागिणीची.

डॉक्टर एल्तायेब सुदानचे आहेत, हळू बोलतात. ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले, म्हणून मला वाटलं आता मरणाचंच सांगणार. म्हणाले, लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू जात नाही, नसांच्या मुळाशी झोपून राहतो. म्हातारपणी कधी उठला तर नागीण. बहुतेकांची कातडीवर येऊन संपते. फारच थोड्यांची आत जाते.

"आम्ही आठवडाभर आधी आलो असतो तर?"

"कदाचित बरं झालं असतं. कदाचित हेच झालं असतं. मला खरंच सांगता येत नाही, मिसेस हेनेगन."

मला वाटतं, त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सलाईनमधून औषध चालू आहे. फेस्टसचे हात पलंगाला धरून ठेवावे लागतात, नळ्या ओढतो.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

पर्थहून लेकीचा, ऊनाचा फोन. तिला सुट्टी मिळाली, रविवारी पोहोचेल. "आई, बाबांच्या कानाला फोन लाव." लावला. ती तिथून रडत बोलत होती, आणि हा छताकडे बघत होता. मी मध्येच फोन घेतला आणि म्हटलं, हसले गं बाबा. हसला नव्हता.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

ताप गेला. डोळा उघडला. ऊना सकाळी आत आली तर म्हणाला, "अरे, ही तर माझी ऊना!" तिने त्याच्या गळ्यात पडून आकांत केला. वॉर्डातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि फार अदबीने म्हणाला, "तुम्हांला पण खुर्ची देऊ का?"

ऊना म्हणाली, औषधांमुळे आहे आई. सिस्टरही म्हणाली, वेळ लागतो. मी बसले खुर्चीवर.

शनिवार, ११ नोव्हेंबर

घरी आणला. ऊना परवा परत गेली, तिचीही दोन लहान पोरं आहेत. विमानतळावरून फोनवर म्हणाली, "एवढं लांब जायला नको होतं मी." मी म्हटलं, वेडी आहेस. फोन ठेवल्यावर वाटलं, हो, नको होतं जायला.

चालतो, खातो, चमचा नीट धरतो. बटणं लावतो, फक्त दोनदोनदा. टॉबीला बघून खूश झाला. घरात मात्र पाहुण्यासारखा वावरतो. "संडास कुठल्या बाजूला आहे?" विचारतो, आणि सांगितलं की आभार मानतो. आयुष्यात कधी आभार न मानलेला माणूस!

सोमवार, २५ डिसेंबर

नाताळ. मॅलकी आला, सोबत त्याची बहीण केक घेऊन. फेस्टसने सगळ्यांशी हात मिळवला. मॅलकीने बाजारातल्या गमती सांगितल्या, नव्या लिलाववाल्याचा आवाज कसा बकरीसारखा आहे त्याची नक्कल केली. फेस्टस हसला, सगळे हसले तेव्हा, सगळ्यांबरोबर. मॅलकी निघताना दारात थांबला, टोपी हातात चुरगाळत.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं गं. त्या दिवशी. मी लोकांचं ऐकलं."

"मी पण," म्हटलं.

शुक्रवार, १९ जानेवारी

इस्पितळात तपासणी. एल्तायेबांनी त्याला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: सफरचंद, रुमाल, पूल. थोड्या वेळाने विचारले, तर तो माझ्याकडे बघायला लागला. मी हळूच हातरुमाल काढून मांडीवर ठेवला. डॉक्टरांनी बघितलं. फेस्टसनेही बघितला रुमाल. म्हणाला, "नाक पुसायचंय का तुम्हांला?"

अजून सुधारेल का? थोडं सुधारू शकतं. किती? सांगता येत नाही. माझ्याएवढा "सांगता येत नाही" ऐकलेला माणूस ह्या देशात दुसरा नसेल.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मॅलकी त्याला बाजारात घेऊन गेला. मी नको म्हणत होते, मग वाटलं कोण जाणे. सगळे येऊन भेटले म्हणे, कुणी खांद्यावर थोपटलं, कुणी चहा आणला. तो कठड्याला टेकून वासरं बघत उभा राहिला. वरून नवा मुलगा बोली पुकारत होता, आणि मॅलकी म्हणतो फेस्टसचे ओठ हलत होते. मॅलकीला फार आशा वाटली. येताना तो गाडीतूनच मला ओरडून सांगत होता.

मी फेस्टसला विचारलं, "कशी होती वासरं?"

"कुठली?"

मॅलकी घाईघाईने निघून गेला. चहासुद्धा नको म्हणाला.

बुधवार, १४ मार्च

गाडीची किल्ली मागत होता. सापडेना तेव्हा रागावला, मग रडला. रडताना "माझी माणसं वाट बघतायत" म्हणत होता. मी म्हटलं, तुझी माणसं इथेच आहेत. "तुम्ही फार चांगल्या आहात," म्हणाला, "पण मला घरी जायला हवं."

त्याला गाडीत बसवलं, तळ्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. दारात आल्यावर म्हणाला, "हां, आता बरोबर." बूट काढून चुलीपाशी बसला.

हे मी आता जवळजवळ रोज करते.

गुरुवार, २९ मार्च

तळ्याच्या रस्त्यावर चालवता चालवता माझा डोळा लागला. गाडी गवतात गेली. लागलं कुणालाच नाही. फेस्टस म्हणाला, "छान थांबवलीत."

ऊनाला सांगायला नको होतं, सांगितलं. तिने तिथून फोनाफोनी करून सगळं ठरवलं. गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात त्याला एक आठवडा ठेवायचं, मी झोपायचं.

"मी टाकणार नाही त्याला."

"टाकत नाहीयेस आई. एकच आठवडा. तू आडवी झालीस तर त्यांच्याकडे कोण बघणार? मी इथून?"

"त्याला काय कळणार आठवडा की जन्म?"

ती म्हणाली, "तुला तरी कळेल ना." ऊनाने एवढं तोडून मला कधी उत्तर दिलं नव्हतं. हो म्हटलं.

सोमवार, ९ एप्रिल

सकाळी बॅग भरली. दाढी करून दिली. त्याला सांगितलं की थोडे दिवस दुसरीकडे राहायचंय. त्याने मान हलवली, हल्ली सगळ्यालाच हलवतो.

जागा स्वच्छ आहे. खोलीला मोठी खिडकी, बाहेर मेंढ्या. सिस्टर डोलोरिस, पंजा शेतकऱ्यासारखा, मला आवडली. बाहेरच्या दाराला आकडे दाबायचं कुलूप आहे, माणसं रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून.

मी बॅग उघडून पायजमे कपाटात ठेवायला लागले. एकाच पायजम्याची मी तीनदा घडी मोडली आणि घातली. फेस्टसने ते बघितलं. मला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं, आणि समोर पलंगाच्या कडेवर बसला.

"घाबरायचं नाही," म्हणाला. "चांगले लोक आहेत इथले."

"हो."

"थोडेच दिवस. बरं वाटलं की लगेच घरी. मी आहे ना."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने डोलोरिसला बाजूला नेलं, पण त्याचा आवाज काही बाजूला जाणारा नाही. "जरा लक्ष ठेवा हिच्याकडे. हिने फार सोसलंय. चहात दूध आधी घालायचं, नाहीतर पीत नाही."

डोलोरिसने माझ्याकडे बघितलं.

तो परत आला, वाकला, माझ्या कपाळाचा मुका घेतला. "येतो उद्या," म्हणाला. टोपी घातली आणि निघाला. मी तशीच बसले, अंगात कोट, मांडीवर त्याचे पायजमे. बोळातून त्याची पावलं दारापर्यंत गेली. मग दाराची मूठ खटखटली. मग पुन्हा. "अहो," त्याने कुणाला तरी म्हटलं, "हे दार जरा उघडता का? बायकोला सोडायला आलो होतो."

डोलोरिस म्हणाली, तुम्ही आता निघालात तर बरं. तिने मला स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर काढलं. गाडी समोरूनच काढावी लागते. दाराच्या काचेत तो उभा होता, टोपी घालून. मी मान वळवली नाही.

मंगळवार, १० एप्रिल

काल आल्यावर अंथरुणावर पडले ते आज उजाडल्यावर उठले. अंगात कोट तसाच.

डोलोरिसला फोन केला. रात्र कशी गेली?

"तसा काही त्रास दिला नाही त्यांनी," ती म्हणाली. "जेवले. दारापासून मग आपणच परत आले. पण पलंगावर काही झोपेनात. आम्ही पुष्कळ सांगितलं. पलंग बायकोचा आहे म्हणतात, ती येईल आत्ता. खुर्चीतच झोपले रात्रभर. पाय सुजलेत थोडे. आज रात्री पुन्हा बघू."

मी विचारलं, आत्ता काय करतोय?

"खुर्चीतच आहेत. पांघरूण सारखं केलंय त्यांनी, पलंगावरचं. एक कोपरा दुमडून ठेवलाय."

आठवड्याचं ठरलंय. मी गेले तर एक दिवसही पूर्ण व्हायचा नाही, आणि ऊना ओरडेल. तो मला बघून उठेल, आणि खुर्ची देऊ का विचारेल, की पलंगावर झोपायला लावेल, मला ठाऊक नाही. काय झालं तर बरं, तेही ठाऊक नाही.

टॉबीला मॅलकीकडे सोडून येते आणि निघते.